भिजकी वही

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

मी दिवाळ्याहून बोलतेय. आज एका वहीची गोष्ट सांगणार आहे. ही वही साडेतीनशे वर्षांपूर्वीची. पाण्यात पडलेली म्हणून तिचं नावच भिजकी वही. तिची बरीच पानं आज जागेवर नाहीत. ती पानं कुठे गेली, हे शोधता शोधता मला आपल्या घरातल्या कागदांबद्दल पुष्कळ कळलं. म्हणून आधी माझ्या घरातली पेटी उघडते, मग त्या वहीकडे जाऊ.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमचं गाव खाडीच्या काठाला. वरून पाऊस आणि खालून भरती, असं दोन्हीकडून पाणी आलं. आमच्या खाटेखाली सासूबाईंची पत्र्याची पेटी होती. तिच्यात सासऱ्यांनी जपलेले जमिनीचे कागद, होडीचे कागद, घरपट्टीच्या पावत्या आणि एक जुनी हरिपाठाची पोथी. पेटी उघडली तेव्हा आत पाणीच पाणी.

दोन-तीन दिवसांनी जरा ऊन पडलं. मी सगळे कागद गच्चीवर नेले आणि उन्हात पसरले. सासूबाई खालून ओरडल्या, "अगो, कागद काय बोंबील हाय, उन्हान वालवाला?" मी हसले आणि माझंच खरं केलं. संध्याकाळी बघते तर पोथीची वीट झालेली. पावत्या एकमेकींना चिकटून कडक झालेल्या. नखाने सोडवायला गेले तर वरच्या कागदाची अक्षरं खालच्याला चिकटून आली आणि दोन्ही फाटले. त्यातला एक कागद जमिनीच्या मोबदल्याचा होता. पुढे तो लागला तेव्हा माझ्या हातात अर्धाच होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मी दोन वर्षं हेलपाटे घातले.

तेव्हापासून भिजलेल्या कागदाची गोष्ट कोणी काढली की माझे कान टवकारतात. आणि आपल्या महाराष्ट्रात भिजलेल्या कागदाची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुकोबांची.

ती गोष्ट आपल्याला कीर्तनातून माहीत आहे. पण इंद्रायणीत कागद एकदा नाही, दोनदा पडले. पहिली वेळ आपण विसरतो. बचत गटातल्या बायकांनी तरी ती विसरू नये.

तुकोबांचं घर देहूतलं सावकाराचं, दुकानदाराचं. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई गेली, लहानगा मुलगा संतू गेला. धंदा बसला. घरात लोकांनी लिहून दिलेली कर्जाची खतं मात्र होती. त्या कागदांवर गावातल्या कितीतरी घरांचं देणं लिहिलेलं. तुकोबांनी काय केलं? धाकटा भाऊ कान्होबा याला त्याच्या वाट्याची खतं वेगळी काढून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. संतचरित्रं लिहिणाऱ्या महिपतींनी ही हकीकत सांगितली आहे. कागद बुडाला तशी लोकांची कर्जंही बुडाली. ते कागद वर यावेत असं कोणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या वेळी बुडाल्या त्या अभंगांच्या वह्या. शूद्र जातीचा माणूस धर्माची गुपितं मराठीत लिहितो, लोकांना सांगतो, हे काहींना खपलं नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी वह्या पाण्यात बुडवायला सांगितल्या. तुकोबांनी आपल्याच हातांनी त्या नदीत सोडल्या आणि नदीकाठी शिळेवर धरणं धरून बसले. अन्न नाही, पाणी नाही. तेरा दिवसांनी वह्या पाण्यावर आल्या, असं वारकरी मानतात. रामेश्वर भटही पुढे तुकोबांचे भक्त झाले. ती शिळा देहूत आजही दाखवतात.

आता मला प्रश्न पडला, की ही गोष्ट आपल्यापर्यंत सांगत आणली कोणी? महिपती तर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहीत होते. त्यांच्या आधीचं कोणी आहे का? आहे. आणि ती एक बाई आहे.

शिऊरच्या बहिणाबाई. खानदेशातल्या 'अरे संसार संसार'वाल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या पुष्कळ नंतरच्या. या बहिणाबाई तुकोबांच्या काळातल्या, ब्राह्मण घरातल्या, लहानपणी वयाने खूप मोठ्या बिजवराला दिलेल्या. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले आणि मनोमन तुकोबांना गुरू केलं. नवऱ्याने मारलं, बांधून घातलं. ब्राह्मणाच्या बाईने वाण्याला गुरू करायचं म्हणजे काय! पण पुढे तोच नवरा वळला आणि हे कुटुंब देहूला येऊन राहिलं. बहिणाबाईंनी आपली जन्मकथा अभंगांत सांगून ठेवली आहे. वह्या तेरा दिवस पाण्यात होत्या, हा उल्लेख त्यांच्या अभंगांत येतो. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या बाईची ही साक्ष. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने बहिणाबाईंचं हे आत्मचरित्र इंग्रजीत नेलं, म्हणजे ती साक्ष सातासमुद्रापार गेली.

आता वहीचा कागद बघू. त्या काळी आपल्याकडे हातकागद वापरत. जुन्नरला, दौलताबादजवळ कागद बनवणाऱ्यांच्या वस्त्या होत्या. चिंध्या कुटून, लगदा करून, जाळीवर एकेक ताव उचलायचा. हा कागद चिवट असतो. आजच्या वर्तमानपत्राचा कागद पाण्यात विरघळतो, तो हातकागद पटकन विरघळत नाही. शाई मात्र काजळी आणि डिंक घोटून केलेली. काजळी उन्हाने उडत नाही, शेकडो वर्षं काळी राहते. पण डिंक पाण्यात सुटतो, आणि डिंक सुटला की अक्षर पसरतं. म्हणजे बुडलेल्या वहीचा कागद टिकेल, अक्षर टिकणं कठीण. वह्या अक्षरासकट परत आल्या याचं लोकांना एवढं अप्रूप का वाटलं, ते शाईचा हा गुण कळला की कळतं.

इतिहासाचे अभ्यासक इथे आणखी एक गोष्ट दाखवतात, आणि ती श्रद्धेच्या आड येत नाही. तुकोबांच्या वह्या पाण्यात गेल्या तेव्हा त्यांचे अभंग काही फक्त त्या वह्यांत नव्हते. तुकोबा कीर्तन करत तेव्हा मागे टाळकरी उभे असत. त्यांच्यात चाकणचे संताजी जगनाडे होते, तेल्याचा धंदा करणारे. ते अभंग लिहून घेत. गंगाराम मवाळ लिहून घेत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी पाठ केले. जात्यावर बसलेल्या बाईला कागद लागत नाही. एक वही बुडवता येते. शंभर घरांत पोचलेला अभंग बुडवायला शंभर घरं बुडवावी लागतील.

१६५० साली तुकोबा गेले. त्यांची दुसरी बायको जिजाई, जिला आपण आवली म्हणतो, तेव्हा गरोदर होती. पुढे जन्मलेला हा मुलगा म्हणजे नारायणमहाराज. १६८५ साली त्यांनी ज्ञानोबा-तुकोबांची पालखी सुरू केली. आवलीला आपण कजाग म्हणून ओळखतो. नवरा देवाच्या नादी, घरात दाणा नाही, पोरं रडतायत, आणि ती बोलली तर कजाग! पण तुकोबांचा वंश तिच्याच मुलांचा चालला, आणि देहूची वही त्या वंशाकडेच राहिली. लोक तिलाच भिजकी वही म्हणू लागले. ती खुद्द तुकोबांच्या हातची, अशी देहूकरांची परंपरा सांगते.

मग इंग्रजांचं राज्य आलं, छापखाने आले. तुकोबांचे अभंग घरोघर होते, पण प्रत्येक घरातला पाठ थोडा वेगळा. मुंबई सरकारने ठरवलं, की सगळी हस्तलिखितं जमवून नीट गाथा छापायचा. त्यासाठी चोवीस हजार रुपये मंजूर झाले. त्या काळात ही केवढी रक्कम! काम केलं विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी. यातले विष्णुशास्त्री आपण बायकांनी लक्षात ठेवावेत असे. विधवांचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून त्यांनी शिव्याशाप खाल्ले, वर्तमानपत्रातून लिहिलं आणि पुढे स्वतः एका विधवेशी लग्न केलं. या दोघांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखितं समोर ठेवली, शब्दाशी शब्द ताडून पाहिला. १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा निघाला. साडेचार हजारांहून जास्त अभंग. तुकोबांना तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९५० साली, मुंबई सरकारने पुन्हा गाथा काढला. आज आपल्या देव्हाऱ्यात जो गाथा असतो, त्याच्यामागे ही मेहनत आहे.

आणि आपल्या ठाण्याचाही यात वाटा आहे बरं का. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, त्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. संताजी तेल्यांच्या घराण्याने त्यांची वही पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. भाव्यांनी ती मिळवली, वाचली आणि १९१९-२० च्या सुमाराला 'अस्सल गाथा' म्हणून छापली. विचार करा, तेलाचा घाणा चालणारं घर. तिथे तेलकट हात, धूळ, उंदीर, सगळं असणार. तरी अडीचशे वर्षं वही सांभाळली. त्यांनी ती सांभाळली नसती तर तुकोबांसमोर बसून लिहिणाऱ्याचा पाठ आज आपल्याला दिसला नसता.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या पानांकडे येते. देहूच्या भिजक्या वहीची पानं गेली कुठे?

कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांवर आयुष्यभर काम केलं. त्यांनी लिहून ठेवलंय, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देहूच्या या वहीत सुमारे सातशे अभंग असल्याची नोंद आहे, आणि त्यांची नक्कल पंढरपूरला आहे. चित्र्यांच्या काळात देवळातल्या वहीत उरले होते सुमारे अडीचशे.

सातशेचे अडीचशे. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण ही पानं काही इंद्रायणीने नेली नाहीत. रामेश्वर भटांनीही नाही. नदी, दुष्काळ, मोगलांच्या स्वाऱ्या, पेशवाई, इंग्रज, एवढ्या सगळ्यांतून आलेली पानं विसाव्या शतकात, कोरड्या खोलीत, कुलपाच्या आतून गेली. चित्र्यांचा तर्क असा, की अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी विश्वासाने वही मागून नेली आणि ती पुरती परत आली नाही. देणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. मोठा माणूस, शिकलेला, 'जरा बघून परत देतो' म्हणाला. त्याला पानं मोजून घ्या, सही करा, असं कसं म्हणायचं?

मैत्रिणींनो, हे आपल्या घरात किती वेळा घडतं! कोणीतरी ओळखीचा येतो. "वहिनी, तुमचं काम करून देतो, मूळ कागद द्या." आपण चहा देतो आणि कागदही देतो. पावती मागायची लाज वाटते. परत आलेल्या पिशवीत किती कागद होते, ते मोजायची लाज वाटते. तुकोबांच्या वहीचं जे झालं, ते त्या लाजेपायी झालं.

आपल्या भागात तर कागद म्हणजे जमीन. १९७० साली सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगडच्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या मागे आपली माणसं रस्त्यावर उतरली, त्यांतल्या काहींचे जीव गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. पण त्या भूखंडासाठी उभं राहायचं तर हातात काय लागतं? कागद. आजोबांच्या नावाचा सातबारा, मोबदल्याची नोंद, वारसाचा दाखला. ज्या घरात कागद होते ते रांगेत पुढे गेले. ज्या घरातले कागद वाळवीने खाल्ले किंवा कोणी 'बघून देतो' म्हणून नेले, त्या घरातल्या बाया आजही सांगतात, आमचीपण जमीन होती.

म्हणून या भिजक्या वहीकडून मी काय शिकले ते सांगते.

एक. भिजलेला कागद कडक उन्हात टाकायचा नाही, आणि ओला असताना पानं ओढून सोडवायची नाहीत. सावलीत, पंख्याखाली ठेवा. मध्येमध्ये कोरा पांढरा कागद किंवा सुती कापड घाला, ते ओलं झालं की बदला. घाई करू नका.

दोन. खूप कागद भिजले आणि एका दिवसात उरकणार नसतील तर दोन दिवसांत बुरशी धरते. अशा वेळी आपण कोळणी ते करू शकतो जे आपल्याला जन्मापासून येतं. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि फ्रीजरच्या कप्प्यात ठेवा. बर्फाचं पाणी कागदाला लागू देऊ नका. मोठमोठ्या ग्रंथालयांत पूर आला की भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून ठेवतात आणि मग सवडीने थोडी थोडी वाळवतात. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग मी काय सांगत व्हते? बोंबील न्हाय, पापलेट हाय ते. बरफान ठेवाचा."

तीन. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, अक्षरावर डाग पडतो आणि काढताना कागद सोलून निघतो. लॅमिनेशनही नको, एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. फाटलंय तिथे मागच्या बाजूने पातळ कागद आणि खळ पुरे. मग सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवा. खाटेखाली पेटी ठेवू नका, पाणी पहिलं तिथेच येतं. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. कसर आणि वाळवीला अंधार आणि ओल आवडते.

चार. एकच प्रत ठेवू नका. संताजींनी एक लिहिली, गंगारामांनी एक लिहिली, म्हणून अभंग तरले. कागदाचा मोबाईलवर फोटो काढा, तो मुलीकडे पाठवा, बहिणीकडे पाठवा, गटातल्या एका विश्वासाच्या मैत्रिणीकडे झेरॉक्स ठेवा. तुमची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली असेल तर फारच चांगलं. दोन्ही गावांत एकाच दिवशी पाणी भरत नाही.

पाच, आणि हे सगळ्यात अवघड. मूळ कागद द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची. द्यावाच लागला तर पानं मोजा, वहीत लिहा: कोणी नेला, किती पानं, कोणत्या तारखेला, सही. समोरचा कितीही मोठा असो. माणूस खरा असेल तर त्याला राग येत नाही.

आता आमच्या गटाचं सांगते. हे सगळं बोलून झाल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "तुकोबांचं राहू दे, आपल्या रजिस्टरचं काय?" आम्ही कपाटातून बचत गटाची जुनी रजिस्टरं काढली. पहिल्याच रजिस्टरला पानांचे आकडे नव्हते. एक पान मधूनच फाडलेलं होतं. कोणी फाडलं, केव्हा, कशासाठी, एकीलाही सांगता आलं नाही. कदाचित कोणाला पत्ता लिहून द्यायला फाडलं असेल. पण त्या पानावर कोणाची तरी बचत लिहिलेली असणार. मागच्या-पुढच्या पानांवरच्या रकमा जुळवत आम्ही तीन दुपारी बसलो. शेवटी जुळलं. एका म्हाताऱ्या मावशींचे सहा महिन्यांचे हप्ते त्या पानावर होते. मावशींना लिहिता-वाचता येत नाही, पण प्रत्येक हप्ता कोणत्या सणाच्या आधी भरला, ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या आठवणीशी आमचा हिशेब ताडला, तो पैशाला पैसा जुळला. विष्णुशास्त्र्यांनी चार गावांची हस्तलिखितं ताडली तसंच आम्ही एक मावशी आणि एक रजिस्टर ताडलं.

ते पान आम्ही नव्याने लिहिलं, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी अंगठा दिला. आता प्रत्येक पानावर आकडा आहे आणि प्रत्येक महिन्याच्या बैठकीत एकजण पानं मोजते.

तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढंच करा. रजिस्टर उघडा, पानं मोजा, आकडे घाला. आणि घरी गेल्यावर पेटी खाटेखालून वर काढा. पावसाळा जवळ येतोय.